बटाट्याचा श्वास शोधणाऱ्या कमलाबाई

जळगाव, रावेर, यावल या पट्ट्यातल्या घरांत केळी फ्रीजमध्ये ठेवण्याची चूक सहसा कोणी करत नाही. बाहेरगावचा पाहुणा मात्र ती हमखास करतो. घडातली चांगली डझनभर केळी तो हौसेने फ्रीजमध्ये सारतो आणि दोन दिवसांनी साल काळीठिक्कर पडलेली पाहून खजील होतो. डिसेंबर-जानेवारीत तापीकाठी कडाक्याची थंडी पडली की बागेतल्या केळीलाही असाच फटका बसतो, हे बागायतदाराला वेगळे सांगायला नको. आणि भाजीसाठी चिरलेले वांगे किंवा बटाटा पाण्यात टाकायला विसरलो की फोडी काळ्या पडतात, हा तर जळगाव-धुळ्यातच काय, घरोघरचा अनुभव!

केळे थंडीने काळे पडते आणि वांगे विळीने. दोन्हींचे कारण मात्र एकच आहे. फळाची, भाजीची किंवा आपल्या शरीराची प्रत्येक पेशी म्हणजे एक घर, आणि त्या घरात अनेक खोल्या. एका खोलीत काळे पडणारे रसायन असते, तर दुसऱ्या खोलीत त्याला काळे पाडणारे विकर, म्हणजे एन्झाइम. मधली भिंत शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. विळीने ती भिंत फाटते. थंडीने भिंतीतला मेद थिजतो, थंडीत डब्यातले खोबरेल थिजते तसा, आणि भिंत गळू लागते. मग जे व्हायचे ते होते.

या भिंतीला शास्त्रात पटल म्हणतात. पेशीभोवतीचे ते पेशीपटल. आतल्या खोल्यांनाही तशीच पटले. जाडी किती? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातले सात-आठ भाग, बस. १९२५ साली हॉलंडमधल्या लायडन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्ताच्या तांबड्या पेशींमधला मेद काढून पाण्यावर पसरवला आणि त्याचे क्षेत्रफळ मोजले. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट भरले. याचा अर्थ पटलात मेदाच्या कणांचा एक थर नसून दोन थर होते. पंगतीत दोन रांगा एकमेकींकडे पाठ करून बसाव्यात, तशी त्यांची बैठक असते. तोंडे दोन्हीकडच्या पाण्याकडे, पाठी आत. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतल्या सिंगर आणि निकल्सन यांनी सांगितले की ही बैठक घट्ट बांधलेली नसून वाहती आहे, आणि तिच्यात प्रथिनांचे मोठमोठे कण तरंगत असतात. त्यांतली काही दारे आहेत, काही पहारेकरी, काही चक्क यंत्रे. पाणी आत घ्यायचे की नाही, मीठ किती, साखर किती, कोणाला थोपवायचे, हे सारे तिथे ठरते.

या पटलांवर जे घडते त्यातला एक महत्त्वाचा धागा एका मराठी बाईने १९३९ साली बटाट्यात पकडला होता. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण म्हटले की मराठी घरांत ओळख पटते. १८ जून २०२३ रोजी गूगलने त्यांच्या जन्मदिनी चित्र झळकवले, तेव्हा घराघरांतल्या मोबाइलवर त्यांची गोष्ट फिरली. पण फिरली ती एकच गोष्ट, रामन यांनी प्रवेश नाकारल्याची. ती सांगायला हवीच. मात्र एवढे करून आत गेलेल्या त्या बाईने आत जाऊन केले काय, हे विचारले तर फारसे कोणाला सांगता येत नाही. ही मला त्यांच्यावरची दुसरी उपेक्षा वाटते.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरचा. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. आज आपण जिला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणतो, तीच ही संस्था. घरात प्रयोगशाळेच्या गप्पा जेवणाच्या पाटावर होत असणार. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला १९३३ साली रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन कमलाबाई वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि वडील-काकांच्या संस्थेकडे अर्ज धाडला. यात काही अडचण येईल असे कोणाच्या मनातही आले नसेल.

अर्ज परत आला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल पारितोषिक मिळून तीनच वर्षे झाली होती. मुलगी आहे म्हणून प्रवेश नाही, एवढेच कारण. दुसरी एखादी असती तर घरी बसली असती. कमलाबाई बंगलोरला गेल्या आणि संचालकांच्या कार्यालयाबाहेर त्यांनी सत्याग्रह मांडला. देशात गांधीजींचे युग होते आणि हे शस्त्र त्यांच्या पिढीच्या चांगले परिचयाचे होते. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी धरल्या जाणार नाहीत. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल. आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये! शेवटची अट आज वाचतानाही मान खाली जाते. त्यांनी अटी मान्य केल्या, पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. पुढे म्हातारपणी जाहीर सभेत त्यांनी तो बोलून दाखवला.

रामन यांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, धुळे-जळगावच्या शाळांतून त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो तो योग्यच आहे. पण ही हकीकतही त्यांच्या चरित्राचा भाग आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वर्षभरात कमलाबाईंचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला, हेही त्याच हकीकतीत यायला हवे.

बंगलोरला त्यांचे गुरू होते श्रीनिवासय्या. कडक शिस्तीचे, पण मन लावून शिकवणारे. विषय होता दूध, डाळी आणि कडधान्यांतली प्रथिने. गरिबाच्या ताटातले प्रथिन डाळीतूनच येते, म्हणून हा विषय. १९३६ साली एम.एस्सी. झाली आणि पुढच्याच वर्षी कमलाबाई केंब्रिजला पोचल्या.

तिथले जीवरसायनशास्त्राचे प्रमुख सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल त्यांना १९२९ चे नोबेल मिळालेले. त्यांच्या प्रयोगशाळेचे वैशिष्ट्य असे, की त्या काळातही तिथे स्त्रिया मोठ्या संख्येने संशोधन करत होत्या. बंगलोरच्या मानाने हा केवढा मोकळा वारा! तरी गंमत पाहा, स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण हक्काची पदवी केंब्रिज विद्यापीठ तेव्हा देत नव्हते. त्यांना मिळे ती नावापुरती पदवी, विद्यापीठाच्या सभासदत्वाचे हक्क वजा करून. हा भेद गेला थेट १९४८ साली. प्रयोगशाळेचे दार उघडे असले तरी विद्यापीठाचे तेव्हाही अर्धेच उघडे होते.

केंब्रिजला त्यांचे पहिले काम डॉ. डेरेक रिश्टर यांच्याबरोबर झाले, आणि ते होते फिनॉलेज नावाच्या विकरांवर. कापलेले वांगे काळे करणारे विकर याच कुळातले. कमलाबाईंनी त्याचे प्राण्यांच्या शरीरातले भाऊबंद तपासले. त्यावरचा शोधनिबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्या डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. हिल हे वनस्पतींचे जाणकार. सूर्यप्रकाशात हिरवे पान प्राणवायू कसे सोडते, याचा त्यांचा विख्यात प्रयोग याच सुमारास चालला होता. त्यांच्याकडे कमलाबाईंनी बटाटा हाती घेतला.

प्रश्न असा होता. प्राणी श्वास घेतात, अन्न जाळतात आणि त्यातून जगण्याची ताकद मिळवतात. या जाळण्यात सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिने कामाला येतात, हे केंब्रिजमध्येच केलिन यांनी १९२५ साली दाखवले होते. मग वनस्पतींचे काय? पोत्यात भरून ठेवलेला बटाटाही श्वास घेतो. कोंदट जागी ढीग मारून ठेवला तर तो तापतो, हे आपल्या बाजार समितीतल्या हमालालाही ठाऊक असते. पण त्याच्या श्वासाची यंत्रणा आपल्यासारखीच, की निराळी? निराळी असावी असे मानणारे शास्त्रज्ञ होते. बटाटा कुटला की फोडी काळ्या करणारे विकरच इतके उसळून येते, की हेच त्याच्या श्वासाचे साधन असावे, असा समज व्हायला जागा होती. पटले फाटल्यामुळे झालेल्या गोंधळालाच मूळ व्यवस्था समजण्याचा हा प्रकार! आधी त्याच कुळातल्या विकरांवर काम केलेल्या कमलाबाईंना दोन्हींतला फरक ओळखणे सोपे गेले असेल, असे मला वाटते.

त्यांनी आणि हिल यांनी बटाट्यात आणि इतर फुलझाडांत सायटोक्रोमची तीच साखळी दाखवून दिली. १९३९ साली इंग्लंडच्या नेचर साप्ताहिकात त्याचे टिपण आले. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत सायटोक्रोम सी असते, हे त्यांच्या प्रबंधाचे सार. प्रबंध तरी केवढा? चाळीस पानांचा, आणि तोही दीड वर्षाच्या आत पुरा केलेला. आजकाल पीएच.डी.च्या प्रबंधाचे वजन हाताने तोलून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. विज्ञानातली पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतात. त्याआधी १९३१ मध्ये जानकी अम्माळ यांना अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली होती, हे लक्षात घेऊनच तो मान मोजावा.

आता हे सायटोक्रोम सी करते काय? घराचा स्लॅब पडताना आपण पाहिला असेल. खालून वरपर्यंत मजुरांची रांग उभी असते आणि मालाचे घमेले हातोहात वर जाते. आपल्या पेशीत तंतुकणिका नावाच्या लांबट पिशव्या असतात. त्यांच्या आतल्या पटलात अशीच प्रथिनांची रांग रोवलेली असते आणि अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन त्या रांगेतून हातोहात पुढे जातात. बाकीचे मजूर जागचे हलत नाहीत. सायटोक्रोम सी तेवढे लहान, हलके, पटलाच्या कडेकडेने सरकणारे. एकाकडून घमेले घेते, पुढच्याला नेऊन देते. शेवटच्या मजुराचे नाव सायटोक्रोम ऑक्सिडेज. तो इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या हवाली करतो आणि पाणी तयार होते. सायनाइडचे विष या शेवटच्या मजुराचाच हात धरते, म्हणून माणूस हवा असूनही गुदमरतो.

आणि पटल कशाला हवे? त्याचे उत्तर पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये दिले आणि त्याबद्दल त्यांना १९७८ चे नोबेल मिळाले. हातोहात घमेले जात असताना पटलाच्या एका बाजूला हायड्रोजनचे भारित कण उपसून साठवले जातात. कोयनेच्या धरणात पाणी साठावे तसे. मग ते एका अरुंद वाटेने परत येताना तिथले चाक फिरवतात आणि त्यातून पेशीची वीज, म्हणजे तिची ऊर्जा तयार होते. धरणाच्या भिंतीला भगदाड पडले तर पाणी असून वीज नाही; पटलाचेही तसेच. कमलाबाईंनी काम केले तेव्हा यातले काही ठाऊक नव्हते. तंतुकणिका हेच श्वसनाचे ठिकाण आहे, हेही अजून पक्के ठरायचे होते. त्यांच्या हाती आली ती रांगेतल्या एका मजुराची ओळख, आणि तो बटाट्यात व माणसात एकच आहे ही खात्री. बटाटा, यीस्ट, घोडा, माणूस या सर्वांच्या सायटोक्रोम सीची ठेवण इतकी सारखी, की पुढे उत्क्रांतीचे नाते मोजायला शास्त्रज्ञांनी हेच प्रथिन वापरले.

असे काम केल्यावर परदेशात राहायला कोणाची हरकत होती? पण १९३९ मध्ये त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, मग दक्षिणेत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ साली विमागणितज्ज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तिथे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी जीवरसायनाचा विभाग नावारूपाला आणला. पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. ते पद त्यांच्याकडे यायला हवे होते त्याहून उशिराच आले.

केंब्रिजची ती सूक्ष्म वाट सोडून त्या पुन्हा डाळी-कडधान्यांकडे वळल्या याची हळहळ काहींना वाटते. मला ती पुरती पटत नाही. कारण याच वाटेने त्या पुन्हा पेशीपटलापाशी आल्या, आणि तेही आपल्या स्वयंपाकघरातून.

वाल घ्या. कच्चे वाल खाऊ नयेत, भिजवून, मोड आणून, चांगले शिजवूनच खावेत, असे आजी सांगत असे. का, ते तिला सांगता येत नसे. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात आपल्या भाज्या-कडधान्यांतले, प्रथिनांचे पचन रोखणारे पदार्थ एकामागून एक शोधून काढले. १९६५ मध्ये वालातले आणखी एक प्रथिन त्यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते रक्तात मिसळले की तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात. पेशीपटलाच्या बाहेरच्या अंगाला साखरेच्या छोट्या साखळ्या लोंबत असतात. घराच्या दारावरची नावाची पाटीच ती. आपला रक्तगट ए की बी, हे याच पाटीवरून ठरते. (ज्यांच्या पाटीवर नेहमीचे मूळ अक्षरच नाही असा दुर्मीळ बॉम्बे रक्तगटही मुंबईतच, डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये जगापुढे आणला.) वालाचे हे प्रथिन एका हाताने एका पेशीची पाटी धरते आणि दुसऱ्या हाताने शेजारणीची. आतड्यातल्या पेशींनाही अशी प्रथिने चिकटतात आणि अन्नरस आत घेण्याच्या कामात खोळंबा करतात. वालातले हे प्रथिन उंदरांना खाऊ घातले तेव्हा त्यांची वाढ खुंटली. शिजवताना उष्णतेने प्रथिनाची घडी विस्कटते आणि त्याचे हात लुळे पडतात. म्हणजे आजीचे बरोबर होते.

डॉ. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. पहाटे उतरवलेला, न आंबलेला ताडा-माडाचा रस. त्यातली जीवनसत्त्वे आणि लोह त्यांनी मोजले, आणि कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा घातली तर प्रकृती सुधारते, असे दाखवले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. अक्कलकुवा, धडगाव हे तालुके १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. तिथल्या कुपोषणाच्या बातम्या वर्षानुवर्षे वाचत आलेल्या आपल्याला या संशोधनाचे मोल निराळे समजावून द्यावे लागू नये. दुर्दैवाने नीरेची केंद्रे शहरांतल्या रेल्वे स्थानकांवर जितकी दिसली तितकी सातपुड्याच्या पायथ्याशी दिसली नाहीत.

निवृत्तीनंतरही त्या बसून राहिल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी मिळून ग्राहकांची एक संस्था काढली, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी. कमलाबाई त्यांतल्या एक. दुधात पाणी, हळदीत रंग, तेलात भलते तेल. भेसळ पकडायला रसायनशास्त्र घरात आणणाऱ्या या बायका. १९८२-८३ मध्ये कमलाबाई तिच्या अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या कीमत या नियतकालिकात लिहीत होत्या.

१९९६ मध्ये अमेरिकेतून एक नवलाची बातमी आली. पेशीची जगण्याची वेळ सरली की तंतुकणिकेचे बाहेरचे पटल गळू लागते, आतले सायटोक्रोम सी बाहेर पडते, आणि तीच पेशीला मरणाची खूण ठरते. जिवंत ठेवणारे प्रथिन भिंतीबाहेर आले की मृत्यूचा निरोप्या होते. बटाट्यातले कमलाबाईंचे काम होऊन तेव्हा सत्तावन्न वर्षे झाली होती. त्या हयात होत्या, पंचाऐंशी वर्षांच्या. दोन वर्षांनी, १९९८ च्या जूनमध्ये, दिल्लीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर लगेचच गेल्या.

जळगावच्या आपल्या विद्यापीठात जीवरसायन शिकणाऱ्या एखाद्या मुलीला त्यांचे काम मुळातून पाहावेसे वाटले, तर तिने एक ध्यानात ठेवावे. वाल आणि डाळींवरचे निबंध सोहोनी या नावाखाली सापडतील. सायटोक्रोमचे मात्र भागवत या नावाखालीच शोधावे लागतील. लग्नानंतर चार वर्षांनी, १९५१ साली हिल यांच्याबरोबर त्या जुन्या कामाचा सविस्तर निबंध छापला गेला, तेव्हाही त्यावर माहेरचेच नाव होते. आणि पूर्ण नाव नाही, नुसतेच के. भागवत.